पाइप अख्खाच बदलायचा

समुद्राकाठच्या गाडीचं वय मीटरवरच्या किलोमीटरवरून कळत नाही. ते कळायला गाडीखाली जावं लागतं. रत्नागिरीत गॅरेज चालवताना हे मी रोज बघतो. घाटावरची पंधरा वर्षं चाललेली गाडी खालून धुळीने माखलेली असते, पण नटाला पाना लावला की नट वळतो. आमच्याकडची तेवढ्याच वयाची गाडी वरून पॉलिश मारून चकचकीत असते आणि खाली हात लावला की पत्र्याचे पोपडे हातात येतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो थांबला की खारा वारा, आणि वर जांभ्याची लाल माती. ओली असताना ती फटीफटींत शिरते, सुकली की तिथेच घट्ट बसते. माती बसली तिथे ओल धरून राहते, ओलीत मीठ असतं, आणि पुढचं काम गंज करतो. मिरकरवाडा बंदरातून मासळी उचलणाऱ्या टेम्पोंची तर गोष्टच वेगळी. त्यांच्या हौद्यातून बर्फाचं खारट पाणी थेट चॅसीवर गळत असतं.

गंजाने सायलेन्सर फुटला तर तो गल्लीभर ऐकू येतो, म्हणून माणूस लगेच गॅरेजला येतो. दाराचा पत्रा कुजला तर दिसतो, म्हणून येतो. ब्रेकचा पाइप दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. इंजिनच्या बाजूने निघून तो पत्र्याखालून, क्लिपांमध्ये अडकवलेला असा मागच्या चाकांपर्यंत जातो. बाहेरून जाडी पावणेपाच मिलिमीटर, म्हणजे शाळेच्या पेन्सिलीहूनही बारीक. त्याची भिंत असते सुमारे पाऊण मिलिमीटरची. त्या पाऊण मिलिमीटरवर काय भार येतो, याचा हिशेब मी गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवतो. पायाने तीस किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ पाचपट धरली, तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर दीडशे किलो येतात. पाऊण इंची पिस्टनचं क्षेत्रफळ तीन चौरस सेंटीमीटरपेक्षा थोडं कमीच. म्हणजे पाइपात दर चौरस सेंटीमीटरला पन्नास किलोच्या वर दाब. आपल्या टायरमध्ये हवा असते दोन किलोच्या आसपास. अचानक कोणी आडवं आलं आणि घाबरून पाय मारला, की हा आकडा आणखी वर जातो. कुजका पाइप फुटायचा तो नेमका अशाच वेळी फुटतो, कारण रोजच्या हलक्या ब्रेकला त्याच्यावर एवढा दाब आलेलाच नसतो.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एका निवृत्त गुरुजींची मारुती 800 आली. नव्वदच्या दशकातली गाडी, पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग करून घेतलेली, आत सीटवर अजून स्वच्छ टॉवेल अंथरलेले. गुरुजींनी मला शाळेत शिकवलेलं, त्यामुळे ते मला अरेतुरेच करतात.

“जरा ब्रेक ऑइल टाक रे. परवा कोल्हापूरला जायचंय.”

“याआधी कधी टाकलं होतं, गुरुजी?”

“गणपतीच्या आधी. पंपावर डबी मिळाली, मीच ओतलं.”

“आणि त्याच्या आधी?”

त्याच्या आधीही टाकलं होतं, कुठल्या तरी गॅरेजात. तिथे कोणी काही विचारलं नव्हतं. झाकण उघडलं, ऑइल ओतलं, पैसे घेतले.

ब्रेक ऑइल ही इंजिन ऑइलसारखी जळून कमी होणारी वस्तू नाही. ते बंद पाइपातच असतं. पुढचे पॅड आणि मागचे लायनर झिजत जातात तसे पिस्टन थोडे बाहेर येतात आणि डब्यातली पातळी सावकाश, महिनोन्‌महिने खाली सरकते. तेवढं साहजिक आहे. पण एका सणापासून दुसऱ्या सणापर्यंत दोनदा भर घालावी लागली, तर ऑइल बाहेर पडतंय, यात शंका घ्यायला जागा नाही. नुसती भर घालून गाडी परत देणं म्हणजे तापाच्या माणसाचा थर्मामीटर झटकून त्याला घरी पाठवणं.

मी आधी पेडल दाबून धरलं. पहिल्यांदा बरंच खाली गेलं, दोनतीनदा पंप केल्यावर वर आलं, आणि पाय तसाच ठेवला तर हळूहळू पुन्हा बसायला लागलं. पेडल असं बसत जाण्याची मुख्य कारणं दोन. एक तर मास्टरमधले रबर आतल्या आत ऑइल सोडतात. अशा वेळी बाहेर थेंबही दिसत नाही आणि डब्यातली पातळीही तशीच राहते. नाहीतर कुठेतरी ऑइल बाहेर जातंय. इथे पातळी उतरत होती, म्हणजे शोध बाहेरच घ्यायचा होता.

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, घेतली. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर, ओला डाग होता. हाताखालचा पोरगा लगेच म्हणाला, “व्हील सिलिंडर गेलाय, दादा.” दहा गाड्यांपैकी पुष्कळशा गाड्यांत त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. तरी आधी डाग कसला आहे ते बघायचं. बोटाने पुसून घेतलेला थेंब पाण्याच्या वाटीत सोडला. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल असतं तर वर तरंगलं असतं. हा थेंब पाण्यात मिसळून गेला. ब्रेक ऑइलच होतं.

ड्रम उघडला. लायनर कोरडे, व्हील सिलिंडरची दोन्ही रबरी टोपणं मागे सारून बघितली, ती आतूनही कोरडी. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. गळतीच्या कामात घोळ होतो तो इथेच. थेंब पडतो ती जागा आणि ऑइल सुटतं ती जागा यांच्यात हातभर, कधी चार हात अंतर असतं. ऑइल पाइपाला धरून उताराच्या बाजूला ओघळत जातं आणि जिथे पाइप वाकतो किंवा नट आडवा येतो तिथे साठून गळतं. ओला भाग दिसला म्हणून तोच बदलला, तर गिऱ्हाईक नवीन व्हील सिलिंडरचे पैसे देऊन तीच गळती घेऊन घरी जातं.

पाइप पेट्रोलच्या टाकीपासून पुढे पूर्ण पुसून काढला, हवा मारून सुकवला. मग त्यावर खडूची पूड भुरभुरवली. पोराला आत बसवून सांगितलं, पेडल दणकन मारायचं नाही, हळूहळू जोर वाढवत न्यायचा आणि धरून ठेवायचा. मी चष्मा लावून बाजूने बघत होतो. दाबाखालच्या पाइपासमोर तोंड धरायचं नसतं, ब्रेक ऑइल डोळ्यात गेलं तर आग होते. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मधल्या एका क्लिपच्या कडेला पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटली. पोराने पाय सोडला, ती थांबली. त्याने पुन्हा दाबलं, रेघ करंगळीच्या नखाएवढी रुंद झाली आणि मागच्या बाजूला उतरायला लागली. व्हील सिलिंडरचा काहीही दोष नव्हता.

क्लिप उघडली तेव्हा आत लाल मातीची वडीच निघाली, अजून ओलसर. बाहेर उन्हात सगळं सुकलेलं आणि क्लिपच्या पोटात पावसाळा तसाच शिल्लक. तिथला पाइप फुगल्यासारखा दिसत होता. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे कुजलेला पाइप आधी जाड दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मजबूत आहे. पॉलिश पेपर हलकाच फिरवला, पापुद्रे गळाले आणि खाली राहिला तो पाइप मूळच्या जाडीपेक्षा डोळ्यांना कळेल इतका बारीक होता. पुढच्या क्लिपखाली तीच कथा. त्याच्या पुढच्याही. भोक एकालाच पडलं होतं एवढंच.

संध्याकाळी गुरुजींच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. त्याचं म्हणणं मला नवीन नव्हतं. गाडी वर्षभरात काढायचीच आहे, तेव्हा फुटलेला तुकडा कापून मध्ये जोड मारून द्या, उगाच अख्खा पाइप कशाला. खर्च वाचवावा असं वाटण्यात त्याचं काही चुकत नव्हतं. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी, की जोड मारायला दोन्ही बाजूंना धड पाइप लागतो. इथे सडका भाग कापत गेलो तर पुढच्या क्लिपपर्यंत पोचतो आणि तिथेही सडकाच आहे. धड लोखंड लागेपर्यंत कापायचं ठरवलं तर उरतो तो पाइप नव्हेच. एकाच दिवशी बसवलेले, एकाच चिखलातून गेलेले हे पाइप. एकाला भोक पडलं म्हणजे बाकीचे रांगेत उभे आहेत. दुसरी गोष्ट जोडाच्या तऱ्हेची. फ्रिजचा तांब्याचा पाइप आणून फेरूलने आवळून देणारे आहेत. रबरी नळी घालून वर क्लॅम्प मारणारेही मी बघितले आहेत. तांबं वाकायला मऊ लागतं खरं, पण सततच्या थरथरीने ते कडक होत जातं आणि मग तडकतं. फेरूल आणि क्लॅम्प पाण्याच्या नळाला ठीक. पन्नास किलोच्या दाबाला, तोही दिवसातून शेकडो वेळा चढणाऱ्या-उतरणाऱ्या, त्यांचा भरवसा धरता येत नाही. गाडीत बऱ्याच गोष्टी भागवून घेता येतात. दाराची काच वर होत नसेल तर पुठ्ठा लावा, मी स्वतः लावून देईन. ब्रेकला भागवून घेणं मी करत नाही, आणि जो करतो त्याच्याकडे गाडी नेऊ नका असं तोंडावर सांगतो.

“पण काका, एक लाइन गेली तरी दुसरी चालते ना?” त्याने विचारलं. प्रश्न चांगला होता. या गाडीच्या मास्टरमध्ये एकामागे एक असे दोन पिस्टन असतात आणि ब्रेकची दोन वेगळी सर्किटं. एक फुटलं तर पेडल पार खाली जातं, पण दुसरं सर्किट ब्रेक लावतं. फार जुन्या गाड्यांत एकच सर्किट असायचं आणि पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जायचा, त्या मानाने ही मोठी सोय आहे. मात्र ती सोय गाडी रस्त्याच्या कडेला सुखरूप आणण्यापुरती आहे. कोल्हापूरहून येताना आंबा घाट साखरप्यापर्यंत उतरायचा, त्यात चार माणसं, सामान आणि समोर उसाचा ट्रक, हे अर्ध्या ब्रेकवर करायचं काम नव्हे.

घाटाचा आणखी एक धोका मी गुरुजींना दुसऱ्या दिवशी डब्यातलं ऑइल दाखवून समजावला. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट 3 जातीचं नवीन ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. तेच चार टक्क्यांच्या आसपास पाणी शोषून बसलं की ही मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरते. लांब उतारावर ब्रेक तापतात, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखं लागतं. तेच पाणी पाइपाला आतूनही खातं. आमच्या दमट हवेत मी दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला म्हणतो. गुरुजींच्या गाडीतलं ऑइल कधी बदललं होतं ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

“मग कोल्हापूर?” गुरुजींनी विचारलं.

“एसटीने जा, गुरुजी. गाडी आल्यावर घ्या.”

ते गेले एसटीने.

मारुती 800चं उत्पादन जानेवारी 2014मध्ये थांबलं. सुटे भाग अजून बरेच मिळतात, पण मागचा लांब पाइप तयार वाकवलेला मिळेलच असं नाही. मी तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचा पाइप मुंबईहून गुंडाळीने मागवतो. त्यात निकेल दहा टक्के असतं, गंज धरत नाही, हाताने वाकतो आणि टोकं छान बसतात. स्वीडनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथल्या व्होल्वो कंपनीने 1976पासून आपल्या गाड्यांना याच जातीचा पाइप वापरायला सुरुवात केली. मीठ तिकडच्या रस्त्यावरचं असो की आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यातलं, लोखंडाला दोन्ही सारखंच.

जुना पाइप काढणं हे खरं कष्टाचं. नट पाइपाला गंजाने चिकटलेला असतो. पाना लावून फिरवला की नटाबरोबर पाइपही पिळतो, आणि पलीकडचा चांगला जोडही मोडतो. साध्या फिक्स पान्याने हे नट गोल होतात. त्याला एका बाजूने कापलेला रिंग पाना लागतो, जो नटाच्या जवळजवळ सर्व बाजू धरतो. गंजतेल आदल्या रात्री मारून ठेवायचं. पाइप फेकूनच द्यायचा असेल तर नटाच्या मागे तो कापून टाकायचा आणि सहा कोनी सॉकेट घालून नट सोडवायचा, हे सगळ्यात सुरक्षित. होज पाइपाच्या टोकाचे आटे मात्र जपायचे. जुना पाइप मोडू न देता जमिनीवर ठेवून त्याच्याच वळणांवर नवीन वाकवला, लांबी सुतळीने मोजून थोडी जास्त ठेवली.

पोराला टोकं करायला मी मुद्दाम बसवलं. पाइप करवतीने नाही, कटरने कापायचा, म्हणजे टोक सरळ येतं. आतली कड कानशीने साफ करायची, हवा मारून कीस काढायचा, कारण लोखंडाचा वा तांब्याचा एक कण मास्टरच्या रबराला चिरतो. नट आधी पाइपात ओवायचा आणि मगच टोक पसरवायचं. या गाडीला दुहेरी दुमडलेलं टोक लागतं. आधी ते फुगवायचं, मग तीच कड आत दुमडायची. एकेरी टोकही आवळलं की बसल्यासारखं वाटतं, पण त्याची कड पातळ असते आणि ती चिरते. त्याने केलेलं पहिलं टोक एका बाजूला झुकलं होतं. मी काही बोललो नाही, भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने स्वतःच कापून टाकलं आणि दुसरं केलं. ते गोल, सारखं, कुठेही चीर नसलेलं होतं. त्या वयात हातात आलेली ही सवय जन्मभर टिकते, म्हणून वीतभर पाइप वाया गेला तरी मला चालतं.

क्लिपा नव्या लावल्या. तिन्ही रबरी होज पाइपही बदलले, कारण ते बोटाने दाबल्यावर फुगीर लागत होते. याचं कारण आमच्याकडचीच एक जुनी रीत. गंज लागू नये म्हणून पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल आणि जळकं ऑइल मारून घेतात. पत्र्याला त्याचा थोडाफार उपयोग होत असेल, पण खनिज तेल ब्रेकच्या रबराचा नाश करतं, रबर फुगतं आणि भुसभुशीत होतं. ब्रेकचे भाग पेट्रोल-डिझेलने धुणं किंवा डब्यात इंजिन ऑइल घालणं हाही तोच प्रकार. मग मास्टरपासून चाकापर्यंतचा प्रत्येक रबर बदलण्यावाचून इलाज नाही. काळं अंडरबॉडी कोटिंग गंजलेल्या पाइपावर मारणंही थांबायला हवं. वरून सगळं नवं दिसतं, आत ओल कोंडून राहते आणि पुढच्या माणसाला पाइपाची अवस्था दिसतच नाही.

मग हवा काढण्याचं काम. मास्टरपासून सर्वांत लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. आतून पोरगा, बाहेरून मी. “दाब.” “दाबलं.” “धर.” निपल सैल करायचा, ऑइल आणि बुडबुडे बाहेर, निपल बंद. “सोड.” हा क्रम चुकला, पाय आधी सुटला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मध्ये मध्ये डबा भरायचा. तो रिकामा पडला तर पहिल्यापासून सगळं. आधी काळपट ऑइल आलं, मग फेस, मग फिकट पिवळं स्वच्छ ऑइल, एकही बुडबुडा नसलेलं. शेवटी पेडल वर, कडक लागलं आणि पाय ठेवूनही बसलं नाही. पूर्ण जोराने दाबून धरायला लावून मी प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघितला. मग भाट्याच्या पुलापर्यंत फेरी, आल्यावर पुन्हा गाडीखाली, पुन्हा कागद. एकही ओला झाला नाही.

बिलात पाइपाच्या किमतीचा आकडा सगळ्यात लहान होता. पैसे गेले ते मजुरीत, आणि मजुरीतला मोठा भाग जुने नट सोडवण्यात. गुरुजींच्या मुलाने बिल बघून तेच विचारलं. मी जुना पाइप ठेवला होता, तो त्याच्या हातात दिला. त्याने क्लिपच्या जागी नुसता अंगठ्याने दाबला आणि पाइप तिथे मोडला. मग त्याने पुढचं काही विचारलं नाही. गाडी अजून त्यांच्याकडेच आहे, काढलेली नाही.

पासिंगच्या दिवशी या गाडीचा ब्रेक लागलाच असणार. पाइपाची भिंत किती उरली आहे हे ब्रेक मारून कळत नाही, ते क्लिप उघडून, पुसून, उजेड धरून बघावं लागतं. त्याला रॅम्पवर फार वेळ लागत नाही. पाऊस संपला की एकदा गोड्या पाण्याने गाडी खालून धुऊन घ्या, क्लिपांतली माती निघेल असं बघा आणि मेकॅनिकला पाइप दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा शोधा.

कोकणात गाडी ठेवून मुंबईला राहणाऱ्यांना आणि गणपतीत ती बाहेर काढून घाटाला लागणाऱ्यांना माझं विशेष सांगणं आहे. निघण्यापूर्वी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. एकदा भर घातली असेल तर तारीख लिहून ठेवा. दुसऱ्यांदा घालायची वेळ आली, तर डबी विकत आणू नका. गाडी उभी करा आणि गाडीखाली जाऊन बघणारा माणूस बोलवा.